फ्रीमेसन लॉजमध्ये महिन्याकाठी नेमकं काय चालतं?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. मुंबईत नोकरी करतो, वय चाळिशीच्या आत. आमच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक साहेब फ्रीमेसन आहेत, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघटनेचे सभासद. तिच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. मध्यंतरी त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा विषय निघाला. मला रस आहे म्हटल्यावर म्हणाले, "घाई करू नकोस. घरी बोल, चौकशी कर, आणि तरीही वाटलं तर परत विचार."

घरी बोललो. बायकोने पहिलाच प्रश्न टाकला, "दर महिन्याला एक अख्खी संध्याकाळ तिथे जाऊन करणार काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. यूट्यूबवर शोधलं तर जग चालवणाऱ्या गुप्त टोळ्या आणि त्रिकोणातले डोळे. ते मला नकोय. साधं सांगा. सभा कधी भरते, आत काय होतं, जेवण असतं का, खर्च किती, माणसं कशी असतात, आणि खरोखर मैत्री होते का. कोणी सभासद असेल, सोडलेला असेल, कोणाच्या घरात कोणी असेल, सगळ्यांचं ऐकायचंय.

रानवारा

मस्त विषय. खुर्ची टाकून बसलोय.

चिंचगूळ

फोर्टात कॉलेजला होते तेव्हा फ्रीमेसन्स हॉलवरून रोज जाणं व्हायचं. संध्याकाळी सुटाबुटातले काका लोक हातात चपटी काळी बॅग घेऊन आत शिरताना दिसायचे. आमच्या ग्रुपमधल्या एकाने ठामपणे सांगितलं होतं की हे बँडवाले आहेत आणि बॅगेत बासऱ्या आहेत. पदवी मिळेपर्यंत आम्ही तेच खरं मानत होतो.

सांधेबदल

चिंचगूळ, त्या बॅगेत एप्रन असतो. चुरगळू नये म्हणून चपटी बॅग.

धागाकर्त्यासाठी सविस्तर लिहितो. रेल्वेतून निवृत्त झालो, बरीच वर्षं सभासद आहे, मास्टरच्या म्हणजे लॉजप्रमुखाच्या खुर्चीत बसून झालंय. एकमेकांना ओळखायच्या खुणा आणि विधींमधला काही भाग आम्ही बाहेर बोलत नाही. बाकी सगळं सांगता येतं, आणि सांगावंच असं माझं मत आहे. आपण गप्प बसलो की यूट्यूबवाले बोलतात.

सभेच्या काही दिवस आधी सेक्रेटरीकडून समन्स येतं. नाव भारदस्त आहे पण ती कार्यक्रमपत्रिका. पूर्वी पोस्टाने यायची, आता व्हॉट्सॅपवर येते. सभेचा वार वर्षभराचा ठरलेला असतो, म्हणजे महिन्याचा दुसरा शुक्रवार असेल तर दुसरा शुक्रवारच. आमच्याकडे साडेसहाच्या सुमारास सुरुवात होते. गडद सूट, टाय, पांढरे हातमोजे, वर एप्रन. नवीन माणसाचा एप्रन कोरा पांढरा. दुसऱ्या पदवीला (सभासदत्वाच्या तीन पायऱ्या असतात, त्यांना पदव्या म्हणतात) त्यावर दोन निळी फुलं येतात, तिसरीला तीन फुलं आणि निळी किनार.

दालनाच्या मधोमध काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. मास्टर पूर्वेला बसतो, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला. दाराबाहेर टायलर नावाचा अधिकारी उपसलेली तलवार घेऊन उभा, आतल्या बाजूला इनर गार्ड. मास्टरसमोर धर्मग्रंथ उघडून ठेवलेले असतात. ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या (हे देशातलं वरचं मंडळ) लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथ साहिब, झेंद अवेस्ता असे सगळे एका ओळीत. येणारा माणूस आपापल्या ग्रंथावर शपथ घेतो. परमेश्वरावर श्रद्धा हवी एवढीच अट, तो कोणत्या नावाचा हे कोणी विचारत नाही.

मग कामकाज. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून मंजूर होतं. कोणाचा अर्ज असेल तर मतदान होतं, तेही पांढऱ्या आणि काळ्या गोळ्या पेटीत टाकून. त्यानंतर एखाद्याला पदवी द्यायची असेल तर तो विधी. हा सगळ्यात मोठा भाग, तास-सव्वा तास सहज जातो. पुस्तक हातात न धरता करायचा. सगळ्या जागा, चाली, भाषणं पाठ लागतात. दानाची थैली फिरते, ज्याला जे जमेल ते टाकतो, शेजाऱ्याने काय टाकलं ते दिसत नाही. शेवटी मास्टर तीन वेळा उठून विचारतो की लॉजच्या भल्यासाठी कोणाला काही मांडायचंय का. वरच्या मंडळाची पत्रं, आजारी सभासदांची खबरबात, नवे प्रस्ताव तेव्हा येतात. मग लॉज बंद.

आणि मग जेवण! त्याला फेस्टिव्ह बोर्ड म्हणतात. त्यावर वेगळं लिहितो, हात दुखले.

रोखठोक

इतिवृत्त, पत्रं, प्रस्ताव, ठराव. ही तर आमच्या सोसायटीची सभा झाली. फरक एवढाच की आमच्याकडे तलवार घेऊन कोणी उभं राहत नाही. राहायला हवं खरं तर, पार्किंगचा विषय निघतो तेव्हा.

चिंचगूळ

@रोखठोक :हाहा: आमच्या सेक्रेटरींना हे दाखवू नका, खरंच आणतील.

दुपारचा_चहा

@सांधेबदल, दंडवत! असंच हवं होतं. जेवणाबद्दल वाट बघतोय. आणि एक शंका, नवीन माणसाला पहिल्या वर्षी काय करावं लागतं?

सांधेबदल

दोन्हीचं उत्तर एकच आहे. नवीन माणूस जेवण वाढतो.

सगळ्यात खालचं पद स्टुअर्डचं. फेस्टिव्ह बोर्डला पाहुण्यांची सरबराई, पेले भरणं, वाढणं हे त्याचं काम. तिथून इनर गार्ड, ज्युनियर डीकन, सीनियर डीकन, ज्युनियर वॉर्डन, सीनियर वॉर्डन आणि मग मास्टर, अशी एकेका वर्षाची चढण. मास्टरची मुदतही साधारण एकच वर्ष, ती संपली की खुर्ची दुसऱ्याची. एका मोठ्या कारखान्याचे मालक आमच्याकडे स्टुअर्ड होते आणि त्या वर्षी मास्टर होता पोस्टातला माणूस. मालक वाढत होते, पोस्टमास्तर "अजून थोडा भात" म्हणत होते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून कोणत्याही क्लबात पाहिलेलं नाही.

जेवताना टोस्ट होतात. पहिला देशासाठी, मग ग्रँड मास्टर, मग पाहुणे वगैरे. दारू घ्यावीच असं काही नाही, माझ्या शेजारी बसणारे बोहरी गृहस्थ आयुष्यभर लिंबूसरबताने टोस्ट करत आले. अनुपस्थित बंधूंसाठी एक टोस्ट असतो. आणि शेवटचा टायलरचा. बाहेर तलवार घेऊन उभा असलेला तो आत येतो आणि जगभर विखुरलेल्या सगळ्या गरीब, संकटात सापडलेल्या मेसन बंधूंसाठी टोस्ट मांडतो. त्यांचा त्रास लवकर सरो, आणि इच्छा असेल तर ते सुखरूप मायदेशी परतोत. मी विरारहून लोकलने येणारा माणूस, परदेश कधी पाहिला नाही, पण हा टोस्ट ऐकताना दर वेळी गळा दाटतो.

जेवणाच्या टेबलावर दोन विषय वर्ज्य. राजकारण आणि धर्म. लॉजमध्ये तर नाहीच नाही.

रानवारा

दोन मराठी माणसं एका टेबलावर आणि राजकारण नाही? मग बोलता तरी काय?

सांधेबदल

गुडघे, मुलांची लग्नं, लोकलचं वेळापत्रक, आणि अमुक वर्षी अमुक मास्टर कोणत्या ओळीला अडखळला होता ते. शेवटच्या विषयावर तास निघतो.

जुनी_बखर

थोडा इतिहास घालतो, कारण या विषयात मुंबईचं स्थान मोठं आहे आणि आपल्याकडे ते फारसं कोणाला माहीत नाही.

फ्रीमेसनरीची संघटित सुरुवात परंपरेने २४ जून १७१७ ची मानतात, लंडनच्या चार लॉजनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापली तो दिवस. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर हे भारतात आलं. कलकत्त्यात १७३० च्या सुमारास, मुंबईत १७५८ मध्ये. पण शंभरेक वर्षं हे मुख्यतः गोऱ्यांचंच राहिलं.

मुंबईचे माणकजी कर्सेटजी हे पारशी गृहस्थ. त्यांना इथल्या युरोपियन लॉजने घेतलं नाही. ते युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन आले. तेव्हा इथे डॉ. जेम्स बर्न्स हे स्कॉटिश मेसनरीचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज निघाला, हिंदी लोकांना प्रवेश मिळावा या हेतूनेच. हे १८५७ च्या आधीचं आहे, मुंबई विद्यापीठही तेव्हा नव्हतं. गोरा साहेब आणि पारशी व्यापारी एका दालनात एकमेकांना 'बंधू' म्हणून हाक मारत होते, ही त्या काळात किती मोठी गोष्ट होती याचा विचार करा.

हिंदूंना आणखी वाट बघावी लागली. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षं अडवून ठेवलं होतं. आक्षेप असा की हिंदूंचे देव अनेक, मग परमेश्वर एक मानण्याची अट कशी पुरी होणार? शेवटी १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. पुढे १८८४ मध्ये त्याच शहरात नरेंद्रनाथ दत्त म्हणजे विवेकानंद मेसन झाले. मोतीलाल नेहरू मेसन होते. दादाभाई नौरोजी होते. ज्या दादाभाईंचं नाव फोर्टातल्या मोठ्या रस्त्याला आहे तेच. खरशेदजी रुस्तमजी कामा, ज्यांच्या नावाची प्राच्यविद्या संस्था फोर्टात आहे, तेही.

स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. सगळे लॉज मात्र त्यात गेले नाहीत. काही आजही इंग्लंड, स्कॉटलंड किंवा आयर्लंडच्या सनदेखाली चालतात. तेव्हा धागाकर्त्याने साहेबांना विचारून घ्यावं की त्यांचा लॉज कोणत्या सनदेखालचा. विधींच्या शब्दांत आणि रिवाजांत थोडा फरक पडतो.

तिखटजाळ

बखरकार, माहिती छान, पण एक मोठा गट राहिला. बायका. १८४३ साली पारशांसाठी दार उघडलं, १८७२ साली हिंदूंसाठी. आमच्यासाठी कधी? सांधेबदल काकांचा प्रतिसाद मनापासून आवडला, म्हणूनच विचारते. जिथे जात, धर्म, हुद्दा सगळं दाराबाहेर ठेवता, तिथे निम्मी माणसं पण दाराबाहेर ठेवता. हे कसं पटवून घ्यायचं?

सांधेबदल

ताई, प्रश्न रास्त आहे. आमच्या नियमात स्त्रियांना सभासदत्व नाही आणि मी त्याचं समर्थन करायला बसलेलो नाही. परंपरा आहे, एवढंच सांगू शकतो.

जुनी_बखर

@तिखटजाळ, स्त्रियांना घेणारी मेसनरी आहे, पण ती वेगळी शाखा. ॲनी बेझंट १९०२ मध्ये पॅरिसमध्ये को-मेसनरीत (स्त्री-पुरुष दोघांना घेणारी शाखा) दाखल झाल्या आणि त्यांनी ती भारतातही आणली. थिऑसॉफिस्टांमध्ये ती बरीच रुजली. इंग्लंडमध्ये १९०८ मध्ये निघालेली एक संघटनाही आहे, सुरुवातीला तिच्यात पुरुषही होते, पुढे ती फक्त स्त्रियांची झाली. मुख्य प्रवाहातल्या ग्रँड लॉज या शाखांना 'नियमित' मानत नाहीत, त्यामुळे एकमेकांच्या सभांना जाता येत नाही.

तिखटजाळ

म्हणजे घर वेगळं बांधा, आमच्या घरात येऊ नका. कळलं. माझा आक्षेप कायम.

वसईचा_वारा

ख्रिस्ती वाचकांसाठी एक गोष्ट. आम्ही कॅथलिकांनी यात जाऊ नये असा चर्चचा आदेश आहे आणि तो काही कालचा नाही. पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३८ मध्येच बंदी घातली. १९८३ मध्ये रोमने ती पुन्हा स्पष्ट केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा एकदा. माझ्या ओळखीत एक दोघे सभासद आहेत, फार सज्जन माणसं, आणि त्यांना प्रोटेस्टंट असल्याने अडचण आली नाही. पण मला विचाराल तर माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटतो. कोणावर टीका नाही, निर्णय घेणाऱ्याला माहीत असावं म्हणून लिहिलं.

सांधेबदल

वसईकर, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आम्हीही इच्छुकाला सांगतो की तुमच्या धर्मश्रद्धेच्या आड येत असेल तर येऊ नका.

बदलीवाला

मी सोडलेला सभासद. धागाकर्त्याने दुसरी बाजूही ऐकावी.

कामानिमित्त एका शहरात होतो, तिथे झालो. तिन्ही पदव्या घेतल्या. माझा अनुभव असा की विधींचं इंग्रजी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातलं, लांबच लांब वाक्यं, आणि सगळं तोंडपाठ. चांगलं म्हणणारा असेल तर अंगावर काटा येतो हे खरं. पण निम्म्या वेळा कोणीतरी अडखळतो, तीन बाजूंनी तीन जण कुजबुजून शब्द पुरवतात आणि विधीचा जीव जातो. पाठांतराच्या नादात अर्थावर बोलणं जवळजवळ होतच नव्हतं. चाळिशीच्या आतले आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे ज्येष्ठ, प्रेमळ, पण त्यांच्या गप्पांत शिरायला जागा नव्हती.

शिवाय खर्च. प्रवेश फी, वर्षाची वर्गणी, दर सभेच्या जेवणाचे वेगळे, सूट, एप्रन, दानाची थैली, इन्स्टॉलेशनच्या म्हणजे नव्या मास्टरला खुर्चीवर बसवायच्या वेळी आणखी. मध्यमवर्गीय माणसाला हे आधी हिशेब करून बघायला हवं.

बदली झाल्यावर नव्या गावी परत नाव घातलं नाही. कटुता नाही. मला ते भावलं नाही इतकंच.

रोखठोक

प्रामाणिक प्रतिसाद, +१. मला मात्र खरी शंका वेगळीच आहे. हे सगळं धंद्यातल्या ओळखींसाठी नसतं का? टेंडर, बढत्या, 'आपला माणूस'?

सांधेबदल

@रोखठोक, दीक्षेआधी प्रत्येकाला सगळ्यांसमोर जाहीर करावं लागतं की मी आर्थिक लाभाच्या किंवा तसल्या कोणत्याही हेतूने आलेलो नाही. कागदावर नियम असला म्हणून सगळी माणसं धुतल्या तांदळासारखी होतात असं मी म्हणणार नाही. पण जो त्यासाठी येतो तो टिकत नाही. रेल्वेच्या कारकुनाकडून त्याला काय टेंडर मिळणार? दोन वर्षं वाढप करून कंटाळतो आणि जातो.

@बदलीवाला, पाठांतराबद्दल तुमचं म्हणणं अर्धं मान्य. अडखळणं, कुजबुज, सगळं खरंय. पण माझा अनुभव असा की मैत्री सभेत होतच नाही, ती तालमीत होते. आमच्याकडे सभेच्या आधीच्या आठवड्यात तालीम असते. कोट नाही, टाय नाही, समोर वडापाव. मी ज्युनियर डीकन झालो तेव्हा माझं इंग्रजी मोडकंतोडकं. दादरचे एक निवृत्त प्राध्यापक, माझ्या आधीचे मास्टर, मला रविवारी सकाळी घरी बोलवायचे. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ताटल्या म्हणजे लॉजमधल्या जागा, मीठदाणी म्हणजे उमेदवार, आणि मी टेबलाभोवती फिरत भाषण म्हणायचो. काकू पोहे देता देता माझ्या चुका काढायच्या, त्यांना ऐकून ऐकून कितीतरी ओळी पाठ झाल्या होत्या. हौशी नाटकाच्या तालमीला गेलाय का कधी? नाटकाचा प्रयोग दोन तासांत संपतो, पण तालमीतली माणसं जन्मभराची होतात. तसं आहे हे.

अर्थाबद्दलही सांगतो. पहिल्या पदवीत नवीन माणसाला गवंड्याची तीन हत्यारं दाखवतात. २४ इंची पट्टी, हातोडा आणि छिन्नी. पट्टीचे २४ इंच म्हणजे दिवसाचे २४ तास. काही प्रार्थनेला, काही कामाला आणि विश्रांतीला, आणि काही गरजू मित्राला मदत करायला, मात्र स्वतःचं नि घरच्यांचं नुकसान होऊ न देता. मी ते शंभरदा म्हटलं असेल पण अर्थ कळला तो आमच्या एका बंधूची नोकरी गेली तेव्हा. प्राध्यापकांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "तुझ्या पट्टीतले किती इंच मोकळे आहेत या आठवड्यात?" मग आम्ही पाच-सहा जणांनी वार वाटून घेतले, त्याचा अर्ज लिहिणं, ओळखीच्या कारखान्यांत चौकशी, मुलाच्या फीची मुदत वाढवून घेणं. पाठांतर झालं नसतं तर तो प्रश्न मला समजलाच नसता.

बदलीवाला

काका, असे प्राध्यापक मला भेटले असते तर मी आज सभासद असतो. मनापासून सांगतोय.

शुभ्रकमळ

नेहमी फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. माझे बाबा मेसन होते. मला लॉजमध्ये आत काय चालायचं ते अजूनही माहीत नाही आणि कधी विचारलंही नाही. बाहेर काय चालायचं ते सांगते.

लहानपणी आमच्यासाठी लॉज म्हणजे वर्षातून एकदा होणारी लेडीज नाइट. आई ठेवणीतली पैठणी काढायची. आम्हा मुलांना त्या मोठ्या इमारतीत धावायला मिळायचं, आइस्क्रीम मिळायचं आणि बाबांचे सगळे मित्र आम्हाला नावाने ओळखायचे.

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी परगावी होते. आई एकटी. लॉजमध्ये आल्मोनर नावाचं एक पद असतं. आजारी सभासद, त्यांची कुटुंबं, विधवा, यांची विचारपूस ठेवणं हे त्याचं काम. आमचे आल्मोनर काका वयाने बाबांपेक्षा मोठे, दमेकरी. ते दर आठवड्याला तीन मजले चढून यायचे. येताना आईसाठी भाजी आणायचे, म्हणायचे, "वाटेत दिसली म्हणून घेतली." फिजिओथेरपिस्ट त्यांनी शोधून दिला. बाबा गेल्यावर बँकेत, पेन्शन ऑफिसात आईबरोबर बसून फॉर्म भरले. एकदा हॉस्पिटलचं बिल कोणी भरलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर काका म्हणाले, "ते लॉजचं काम आहे, त्यात नाव नसतं."

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. आईला दिवाळीला अजून फराळाचा डबा येतो. आणणारा आता तिसऱ्या पिढीतला आल्मोनर आहे, त्याने बाबांना पाहिलेलंही नाही.

@तिखटजाळ, तुमचा आक्षेप मला पटतो. माझ्या भावाला बाबांच्या लॉजमध्ये जाता आलं असतं, त्याला रस नाही. मला आहे, तर मला जाता येत नाही. याचं वाईट वाटतं.

तिखटजाळ

कमळताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटच्या ओळींनी माझा राग आणखी वाढला. तुमच्यासारखी आल्मोनर कोणत्याही लॉजचं भाग्य ठरली असती.

सांधेबदल

याच्यावर मी काही बोलत नाही. दोघींचं बरोबर आहे.

लीड्सकर

इथे इंग्लंडमध्ये येऊन मी सभासद झालो, मूळचा सांगलीचा. तुलना म्हणून लिहितो. इथले कितीतरी लॉज दर महिन्याला भेटतच नाहीत. वर्षातून चार-पाच सभा, उन्हाळ्यात सुट्टी. आपल्याकडे बरेच लॉज दर महिन्याला भेटतात हे ऐकून इथल्या मंडळींना हेवा वाटतो.

इथे गुप्ततेचं वातावरण बरंच सैल झालंय. लंडनचा ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसन्स हॉल पहिल्या महायुद्धात मेलेल्या मेसनांच्या स्मरणार्थ बांधलाय, १९२७ ते १९३३ मध्ये. तिथलं संग्रहालय कोणीही जाऊन बघू शकतं. लंडनला येणाऱ्यांनी जरूर बघा.

माझ्या लॉजमध्ये मी एकटाच मराठी. दीक्षेच्या वेळी मला विचारलं की शपथ कोणत्या ग्रंथावर घेणार, मी गीता म्हटलं. लॉजकडे गीता नव्हती. सेक्रेटरी हा यॉर्कशरचा प्लंबर, त्याने शहरभर फिरून गीता शोधून आणली, पांढऱ्या कापडात गुंडाळून, आणि मला बाजूला घेऊन विचारलं की हिला कोणत्या हाताने धरायचं, पायाखाली काही येऊ नये ना, कोणी हातमोजे काढायला हवेत का. परक्या देशात माझ्या ग्रंथाची इतकी काळजी करणारा माणूस मला आधी भेटला नव्हता. ती गीता आता लॉजच्या कपाटात असते. नंतर एक गुजराती डॉक्टर आले, त्यांनीही तिच्यावरच शपथ घेतली.

फेस्टिव्ह बोर्डला मात्र उकडलेले बटाटे आणि वाटाणे. सांधेबदल काका, तुमच्याकडे काय असतं?

सांधेबदल

केटरर पारशी असेल त्या दिवशी धनसाक! शाकाहारींसाठी वेगळं असतं. लीड्सकर, मुंबईत आलात की आमच्या लॉजला पाहुणे म्हणून या. येताना तुमच्या ग्रँड लॉजचं प्रमाणपत्र आणि वर्गणी भरल्याचा कागद आणा, थोडी परीक्षा होईल, मग धनसाक.

रानवारा

मी आता फक्त धनसाकसाठी अर्ज करू का?

रोखठोक

@रानवारा, हा लाभाचा हेतू झाला. पहिल्याच प्रश्नात बाद.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने पूर्ण धागा वाचला. शुभ्रकमळ यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला. तिखटजाळ यांच्या बाजूने तिचं मत आहे आणि ते ती साहेबांना स्वतः सांगणार आहे म्हणे.

आता माझे उरलेले प्रश्न. माझं पाठांतर यथातथा आहे, शाळेत मनाचे श्लोकही पूर्ण येत नव्हते. निभावेल का? आणि पुढची पायरी काय असते?

बदलीवाला

माझा सल्ला: अर्जाआधी लॉजच्या तीन-चार जणांना सभेबाहेर भेट. तुझ्या वयाचे किती आहेत ते बघ. तालीम नेमाने होते का ते विचार. सांधेबदल काकांचं वाचल्यावर मला वाटतं, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. माझ्या लॉजमध्ये तालीम नावालाच होती.

सांधेबदल

बदलीवाल्यांशी सहमत.

पाठांतराचं टेन्शन घेऊ नका. पहिल्या काही वर्षांत नवीन माणसाला फार थोडं म्हणावं लागतं. पुढच्या पदवीआधी ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, ती कोणीतरी घोकून घेतंच. माझ्या मोडक्या इंग्रजीचं झालं, तुमचंही होईल.

पुढची पायरी: आम्ही कोणाला "ये" म्हणून मागे लागत नाही, विचारणाराच पुढे होतो. म्हणून साहेबांनी "परत विचार" म्हटलं. तुम्ही विचारलंत की एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. वय २१ पूर्ण हवं, ते तुमचं आहेच. मग दोन-तीन सभासद भेटायला येतील, बहुतेक वेळा घरी. ते तुमच्या पत्नीशीही बोलतील. घरातल्यांची नाराजी असेल तर आम्ही थांबायला सांगतो. त्यानंतर मतदान. वर्गणी आणि प्रवेश फी प्रत्येक लॉजची वेगळी, सेक्रेटरीला स्पष्ट विचारा. जेवणाचे पैसे त्यात धरलेत का हेही विचारा. संकोच करू नका, पैशाचं आधी बोललेलं बरं.

शुभ्रकमळ

@दुपारचा_चहा, आणि वहिनींना सांगा, भेटायला येतील त्यांना आल्मोनर कोण आहे ते विचारायचं. चटकन नाव सांगितलं, आणि गेल्या महिन्यात ते कोणाच्या घरी जाऊन आले हेही माहीत असलं, तर लॉज चांगला आहे.

तिखटजाळ

आणि लेडीज नाइटला मला बोलवा. एप्रन घालूनच येईन, स्वयंपाकघरातला असला तरी चालेल. :)

सांधेबदल

ताई, या! दारावर टायलर म्हणून मीच उभा राहीन.